विस्मयाचा लोप : जादुई वास्तववादी कथेतील व्यक्तिचित्रण

भारतीय साहित्यशास्त्राने विस्मय हा अद्भुतरसाचा स्थायिभाव मानला आहे. जादुई वास्तववादी कथेत अद्भुत घटना असते, परंतु विस्मय फार काळ टिकत नाही. फ्रान्झ रो यांनी १९२५ मध्ये चित्रकलेसंदर्भात योजलेली ही संज्ञा पुढे लॅटिन अमेरिकन कथात्म साहित्याशी निगडित झाली. विस्मयाच्या या लोपातून पात्रे कशी उलगडतात, हे गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या, १९७२ च्या संग्रहात समाविष्ट झालेल्या, अजस्र पंखांच्या वृद्धाच्या कथेत विशेष स्पष्टपणे दिसते.

पावसाच्या तिसऱ्या दिवशी, घरात शिरलेले खेकडे समुद्रात टाकून परतणाऱ्या पेलायोला अंगणातील चिखलात पालथा पडलेला पंखधारी म्हातारा दिसतो. शेजारीण त्याला देवदूत ठरवते. पेलायो त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडतो आणि त्याची पत्नी एलिसेंदा दर्शनासाठी पाच सेंट आकारू लागते. पाद्री गोन्झागा यांना संशय येतो तो म्हाताऱ्याला लॅटिन समजत नाही म्हणून. रोमहून येणाऱ्या पत्रांत त्याला बेंबी आहे काय, अशी विचारणा होते. निवेदक कोणाच्याही मनात डोकावून दीर्घ विश्लेषण करीत नाही. आकस्मिकाचा प्रत्येक जण कोणता उपयोग करतो, एवढेच तो नोंदवतो. कादंबरीचा विस्तार लघुकथेला उपलब्ध नसतो. एकाच अतर्क्य घटनेच्या कसोटीवर सर्व पात्रे घासली गेल्याने येथे त्याची गरजही उरत नाही.

हा म्हातारा ख्रिस्ताचे किंवा कलावंताचे प्रतीक आहे, असे वाचन मोहक असले तरी अपुरे आहे. त्याच्या पंखांत परजीवी कीटक आहेत, पुढे त्याला कांजिण्याही येतात. हे तपशील त्याला प्रतीक होऊ देत नाहीत. या संदर्भात कोळीरूप झालेल्या मुलीचा प्रसंग कळीचा ठरतो. आईवडिलांची आज्ञा मोडल्यामुळे तिला हे रूप मिळाले आहे. तिच्या चमत्काराला कारण आहे, बोध आहे, आणि तिकीटही स्वस्त आहे. गर्दी तिकडे वळते. अर्थ हाती लागेल असाच चमत्कार लोकांना हवा असतो, हे कथेचे आशयसूत्र येथे प्रकट होते. (प्रतीकाच्या शोधात निघालेला समीक्षकही नकळत त्याच गर्दीत जाऊन उभा राहतो.)

जमलेल्या पैशांतून दुमजली घर उभे राहते. खेकडे आत येऊ नयेत म्हणून जाळ्या आणि देवदूत येऊ नयेत म्हणून खिडक्यांना लोखंडी गज, ही दोन्ही कामे निवेदक एकाच स्वरात सांगतो. या समान स्वरामुळेच त्या दांपत्याविषयी वेगळी टिप्पणी अनावश्यक ठरते.

अखेरीस म्हातारा उडून जातो. कांदा चिरणारी एलिसेंदा सुटकेचा निःश्वास टाकते. पण कांदा चिरून झाल्यावरही, तो दिसेनासा होईपर्यंत पाहतच राहते. त्या पाहण्याचे कारण निवेदक देत नाही.