पाळीतली असह्य कळ सोसू नका

पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य पाझरतं. त्याने गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि ओटीपोटात, कमरेत कळा येतात. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावं, थोडं चालावं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारून, काहीतरी खाऊन, कळ सुरू होताच घ्यावं. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधी सांगावा. औषध घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल किंवा दुखणं वाढत चाललं असेल, तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) यासारखं कारण शोधायला हवं. संगमनेरच्या मुलींना घुलेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवता येईल. आयांनो, ‘लग्न झालं की थांबेल’ म्हणून लेकीला थांबवू नका. उपचार आजच आहेत.