समुद्रतळीच्या बेड्या

बुडालेले जहाज म्हटले की माणसाला प्रथम सोने आठवते. परंतु समुद्राच्या तळाशी नेहमी सोनेच सापडते असे नाही. कधी कधी तेथे माणसाने माणसाला घातलेल्या बेड्या सापडतात. अशाच एका जहाजाची आणि त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या कृष्णवर्णीय पाणबुड्यांची हकिकत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचे बेट आहे. तेथून पश्चिमेला सुमारे ५६ किलोमीटरवर न्यू ग्राउंड रीफ हा उथळ, प्रवाळाचा भाग आहे. १९७२ साली मेल फिशर यांच्या कंपनीचे पाणबुडे 'आतोचा' या स्पॅनिश जहाजावरील खजिना शोधीत तेथे उतरले. त्यांना खजिना मिळाला नाही. मिळाल्या त्या लोखंडी बेड्या. ज्याला सोने हवे त्याला बेड्यांचे काय मोल? ते लोक पुढे निघून गेले.

पुढे १९८३ साली डेव्हिड मूर या पुरातत्त्व अभ्यासकाच्या पुढाकाराने तेथे पुन्हा शोध सुरू झाला, तेव्हा जहाजाची घंटा सापडली. तिच्यावरील थर काढल्यावर अक्षरे दिसली : 'हेन्रिएटा मारी, १६९९'. जहाजाला नाव मिळाले आणि जुनी कागदपत्रे बोलू लागली.

हेन्रिएटा मारी हे गुलामांचा व्यापार करणारे इंग्रजी जहाज होते. १६९९ साली ते लंडनहून निघाले. कथलाची भांडी, काचेचे मणी, लोखंड असा माल देऊन त्याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माणसे विकत घेतली. मे १७०० मध्ये जमैका बेटावर सुमारे १९० माणसे विकली गेली. परतीच्या वाटेवर फ्लोरिडाजवळ जहाज बुडाले.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमा-खर्चाची वही आम्हाला नवी नाही. वहीत मालाचा नग लिहितात, त्याचे नाव कोणी विचारीत नाही. या जहाजाच्या हिशेबातही आकडा मिळतो. त्या १९० माणसांपैकी एकाचेही नाव मिळत नाही. त्यांच्या वतीने साक्ष द्यायला उरल्या त्या ८० हून अधिक बेड्यांच्या जोड्या. एका बेडीत दोघांचे पाय अडकवीत. त्यांतील काही बेड्या इतक्या लहान आहेत की त्या फक्त मुलांच्याच पायांत बसाव्यात. घरात मुले असलेल्या वाचकांना यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

पाण्याखालचा श्वास

हे अवशेष सुमारे ३० फूट पाण्याखाली आहेत. म्हणजे तीन मजली इमारतीएवढी खोली. एवढ्या खोलीवर स्कूबा साधनांच्या मदतीने उतरता येते. पाठीवर दाबाखाली भरलेल्या हवेची टाकी असते. रेग्युलेटर नावाचे यंत्र ती हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाप्रमाणे तोंडात सोडते. हे यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी व्यवहारात आणले.

'उथळ' या शब्दाने मात्र कोणी फसू नये. दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. कानांवर ताण येतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारीत तो वरचेवर सारखा करावा लागतो. सर्वांत मोठा नियम एकच : श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. श्वास कोंडून वर येताना फुप्फुसातील हवा फुगते आणि ३० फुटांवरूनही जीव जाऊ शकतो. म्हणून वर यायचे ते सावकाश. एकट्याने उतरायचे नाही, जोडीदार हवाच. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून हातांच्या खुणा असतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' नव्हे, 'वर चला' असा होतो. आणि जहाजाच्या अवशेषांतून काहीही उचलायचे नाही. कोणती वस्तू कोठे पडली आहे, यावरूनच इतिहास वाचता येतो.

पाण्याची बंदी

कृष्णवर्णीयांनी या जहाजापर्यंत पोहोचणे ही साधी गोष्ट नव्हती. ज्या फ्लोरिडाच्या समुद्रात हे जहाज आहे, त्याच फ्लोरिडात समुद्रकिनारे व तलाव त्यांना बंद होते. १९४५ साली मायामीत काही जण गोऱ्यांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर मुद्दाम पाण्यात उतरले. त्यानंतर व्हर्जिनिया की हा वेगळा किनारा त्यांच्यासाठी खुला झाला. १९६४ साली सेंट ऑगस्टीन येथे एका मोटेलच्या तलावात सत्याग्रही उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने त्या पाण्यात आम्ल ओतले.

हे वाचताना आम्हाला २० मार्च १९२७ आठवल्यावाचून राहिला नाही. महाडच्या चवदार तळ्याची ओंजळ ही केवळ तहानेसाठी नव्हती. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि तेथील निग्रो यांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते. ते साम्य पाण्याच्या काठावर फार स्पष्ट दिसते.

ज्यांना पोहायला बंदी, त्यांच्या मुलांना पोहणे कोण शिकवणार? या प्रश्नाला डॉ. अल्बर्ट होजे जोन्स यांनी कृतीने उत्तर दिले. १९५९ साली त्यांनी वॉशिंग्टनमध्ये पाणबुड्यांचा क्लब काढला. १९९१ साली रिक पॉवेल यांच्यासोबत कृष्णवर्णीय स्कूबा पाणबुड्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. मे १९९३ मध्ये या संघटनेचे सभासद न्यू ग्राउंड रीफवर उतरले आणि त्यांनी तळाशी सिमेंटच्या ठोकळ्यात बसविलेला ब्राँझचा स्मृतिफलक ठेवला. त्याचे तोंड आफ्रिकेच्या दिशेने आहे. निनावी पूर्वजांना वंशजांनी दिलेली ती मानवंदना होती.

काम तेथेच थांबले नाही. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या किनाऱ्यालगत १७९४ साली 'साओ जोझे' हे पोर्तुगीज जहाज फुटले होते. त्यावर मोझांबिकहून आणलेले पाचशेहून अधिक गुलाम होते. त्यांतील दोनशेहून अधिक बुडाले आणि वाचलेल्यांना पुन्हा विकण्यात आले. २०१५ साली या जहाजाची ओळख जाहीर झाली, तेव्हा पाणबुड्यांनी मोझांबिकची माती नेऊन त्या पाण्यात सोडली. मायभूमीची मूठभर माती त्यांना सव्वादोनशे वर्षांनी मिळाली.

आपल्याकडे मालवणजवळ तारकर्लीला स्कूबाचे शिक्षण मिळते. खर्च सर्वांना झेपणारा नाही, हे आम्ही जाणतो. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. पण पोहणे शिकायला टाकी लागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीतील मुलामुलींना, विशेषतः मुलींना, जवळच्या जलतरण तलावावर जाणत्या शिक्षकाकडे पाठविता येईल. मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम त्यासाठी बाजूला काढली तर ती वाया जाणार नाही.

सोने शोधणाऱ्यांनी टाकून दिलेल्या बेड्या ज्यांच्या पूर्वजांच्या होत्या, तेच खाली उतरले म्हणून तेथे आज फलक उभा आहे. आपला इतिहास वर काढायचा तर आपल्याच माणसांना पाण्यात उतरता आले पाहिजे.