छोट्या डावातील मोठी नाल : पोकरच्या टेबलावरील शुल्काचे गणित

रायपूर : पत्त्यांच्या बैठकीनंतर कोण जिंकले आणि कोण हरले याची चर्चा होते, टेबल मांडणाऱ्याने किती घेतले याचा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो. कमी रकमेच्या पोकरमध्ये अनेकदा हा दुसरा हिशेबच निर्णायक ठरतो. सरासरी खेळाडूच नव्हे, तर इतरांपेक्षा थोडा सरस असलेला खेळाडूही केवळ या शुल्कामुळे दीर्घकाळात तोट्यात जाऊ शकतो. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये बंदी आल्यानंतर प्रत्यक्ष टेबलावरील खेळाकडे वळू पाहणाऱ्यांनी हे गणित समजून घेणे आवश्यक आहे.

महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूमुळे मराठी भाषकांच्या परिचयाची असलेली रायपूरची चौबे कॉलोनी उदाहरणादाखल घेऊ. समजा, तेथील एखाद्या घरी दिवाळीच्या रात्री नऊ नातेवाईक पत्ते खेळायला बसले आणि प्रत्येकाने एक हजार रुपये काढले. रात्रभर पैसे या हातातून त्या हातात फिरतील. पण पहाटे मोजदाद केली तर एकूण रक्कम नऊ हजारच भरेल. एकाचा तोटा तो दुसऱ्याचा नफा, एवढाच येथील नियम आहे.

टेबल मांडणारा त्यात आपला वाटा काढू लागला की हा नियम मोडतो. या वाट्याला मध्य भारतातील बोलीत ‘नाल’ म्हणतात. आधुनिक पोकरगृहांत त्याला ‘रेक’ असे नाव आहे. नाव कोणतेही असो, ती रक्कम टेबलावरून कायमची बाहेर जाते. त्यानंतर सर्व खेळाडूंच्या नफा-तोट्याची बेरीज शून्य राहत नाही, ती उणे होते.

एका रात्रीचा हिशेब

पोकरमध्ये प्रत्येक डावाआधी दोन खेळाडूंना सक्तीने काही रक्कम लावावी लागते. तिला ब्लाइंड म्हणतात आणि टेबलाचा दर्जा तिच्यावरूनच ओळखला जातो. ५० आणि १०० रुपये ब्लाइंडचे एक काल्पनिक टेबल घेऊ. नऊ खेळाडू प्रत्येकी १० हजार रुपयांच्या चिप्स घेऊन बसले आहेत. म्हणजे टेबलावर एकूण ९० हजार रुपये आहेत. पत्ते हाताने पिसून वाटले जात असल्याने तासाला साधारण ३० डाव होतात, असे धरू. त्यांपैकी दहा डाव मधले तीन पत्ते उघडण्यापूर्वीच संपतात आणि त्यांवर शुल्क घेतले जात नाही. उरलेल्या २० डावांत मध्यभागी जमणारी रक्कम, म्हणजे पॉट, सरासरी दोन हजार रुपये असून त्यावर पाच टक्के रेक आहे.

म्हणजे एका डावामागे १०० रुपये आणि तासाला दोन हजार रुपये शुल्क निघते. सहा तासांच्या बैठकीत हा आकडा १२ हजारांवर जातो. टेबलावर आलेल्या ९० हजारांपैकी १३ टक्क्यांहून अधिक रक्कम कोणत्याही खेळाडूने न जिंकताच नाहीशी होते. दरडोई हे शुल्क तासाला सुमारे २२२ रुपये, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या सव्वादोन पट पडते. पाच टक्के हा दर ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु तेच पैसे डावामागून डाव पुन्हा पुन्हा मध्यभागी येतात आणि प्रत्येक वेळी त्यांतून वाटा निघतो, हे सहसा लक्षात येत नाही.

आता तीन खेळाडूंची तुलना करू. शुल्क नसते तर पहिल्याला तासाला सरासरी ५०० रुपये मिळाले असते, दुसऱ्याला २०० रुपये, तर तिसरा ना नफा ना तोटा अशा स्थितीत राहिला असता. प्रत्येकाने २२२ रुपयांचा समान भार उचलला असे मानल्यास पहिल्याकडे २७८ रुपये उरतात, दुसरा २२ रुपयांनी तोट्यात जातो आणि तिसऱ्याला पूर्ण २२२ रुपयांचा फटका बसतो. दुसरा खेळाडू टेबलावरील बहुतेकांपेक्षा चांगला खेळतो, तरीही हरतो. कारण त्याचे कौशल्य शुल्काच्या रकमेपेक्षा कमी भरते.

त्यातच पत्ते वाटणाऱ्याला बक्षिसी देण्याची प्रथा आहे. जिंकलेल्या प्रत्येक डावामागे २० रुपये दिले आणि तासाला सरासरी दोनहून थोडे अधिक डाव जिंकले, तर आणखी ४४ रुपये जातात. पहिल्या खेळाडूची ५०० रुपयांची कमाई अशा रीतीने २३४ रुपयांवर येते.

प्रत्यक्षात हा भार सर्वांवर समान पडत नाही. रेक जिंकलेल्या पॉटमधून कापला जात असल्याने, जो अधिक डावांत उतरतो आणि लहान-लहान पॉट जिंकतो, त्याच्याकडून तो अधिक घेतला जातो. निवडक पत्त्यांवरच खेळणारा खेळाडू तुलनेने कमी भरतो.

लहान टेबलावरच भार अधिक का?

बहुतेक ठिकाणी एका डावातील रेकला कमाल मर्यादा असते. समजा, ती ५०० रुपये आहे. आपल्या टेबलावर ही मर्यादा गाठण्यासाठी पॉट दहा हजारांचा व्हावा लागेल, जे क्वचितच घडते. त्यामुळे येथे जवळजवळ प्रत्येक डावात पूर्ण पाच टक्के द्यावे लागतात. याउलट ५०० आणि १,००० रुपये ब्लाइंडच्या टेबलावर सरासरी पॉट २० हजारांचा असेल, तर पाच टक्क्यांप्रमाणे हजार रुपये होतात. पण मर्यादेमुळे ५०० रुपयेच कापले जातात. तेथे दरडोई तासाचे शुल्क सुमारे १,१११ रुपये भरते. आकडा मोठा दिसत असला तरी तो मोठ्या ब्लाइंडच्या केवळ १.१ पट आहे. म्हणजे दहापट मोठ्या टेबलावर शुल्काचा सापेक्ष भार निम्म्यावर येतो. ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत, त्याच्याकडून प्रमाणाने अधिक घेणारी ही रचना आहे.

काही ठिकाणी पॉटमधून वाटा न घेता ठरावीक वेळेमागे बैठक शुल्क आकारले जाते. दर अर्ध्या तासाला १०० रुपये म्हणजे तासाला २०० रुपये. ही पद्धत निदान आधीच हिशेब मांडता येण्याजोगी असते. स्पर्धांमध्ये शुल्क प्रवेश रकमेत मिसळलेले असते. दोन हजार रुपये बक्षीस निधीसाठी आणि ३०० रुपये आयोजकासाठी अशी विभागणी असेल, तर खेळाडूला दोन हजारांवर सरासरी १५ टक्के अधिक मिळवल्यावरच मुद्दल सुटते.

हे नुकसान लवकर ध्यानात येत नाही, याचे कारण नशिबाचे चढउतार. एका रात्रीत पाच-सात हजारांची हार-जीत सहज होते. तिच्यापुढे तासाचे दोन-सव्वादोनशे रुपये दिसतही नाहीत. परंतु चढउतार दीर्घकाळात एकमेकांना बरेचसे भरून काढतात, शुल्क मात्र एकाच दिशेने साठत जाते. आठवड्यातून एकदा सहा तास खेळणाऱ्याकडून वरील दराने वर्षाला ६९ हजारांहून अधिक रुपये शुल्कापोटी जातात.

न्यायालयाच्या दृष्टीतून नाल

हे शुल्क कायद्याच्या दृष्टीनेही कळीचे आहे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमाने जुगारगृहाची व्याख्या करताना, जागेच्या किंवा साधनांच्या वापराबद्दल आकार घेऊन चालकाला नफा होतो का, हाच निकष ठेवला होता. छत्तीसगडमध्ये आता त्याऐवजी राज्याचा अधिक कडक जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे.

सिकंदराबाद येथील एका क्लबवर १९६३ मध्ये पडलेल्या छाप्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६७ मध्ये या निकषाचा ऊहापोह केला. निकालपत्र न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी लिहिले. त्यांचे शालेय शिक्षण रायपुरात आणि महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले होते. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. नवा रायपूर येथील राष्ट्रीय विधि विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नसून प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, या निष्कर्षासाठी हा निकाल सर्वज्ञात आहे. शुल्काविषयीचे त्यातील विवेचन मात्र कमी चर्चिले जाते. प्रत्येक खेळाडूकडून घेतलेले ५० पैशांचे बैठक शुल्क नफेखोरी ठरावे इतके जड नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र प्रत्येक डावामागे पाच गुणांचा आकार घेतल्याचे सिद्ध झाले असते, तर तो बेकायदा मानता आला असता, असेही नमूद केले. बैठकीचे माफक शुल्क आणि डावागणिक निघणारी नाल यांत न्यायालयाने केलेला हा भेद आजच्या रेकलाही लागू पडण्याजोगा आहे.

पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोकरच्या बाजूने भूमिका घेतली, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे. गोव्यात मांडवीतील जहाजांवरचे आणि पंचतारांकित हॉटेलांतील कॅसिनो परवान्यावर चालतात.

कराचा तिसरा वाटा

शुल्कानंतर कराचा भार येतो. कॅसिनोतील चिप्स खरेदीच्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के आहे. पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर असून अधिभार व उपकर वेगळे असतात. या उत्पन्नातून खर्च वजा करता येत नाही किंवा हरलेली रक्कम वळती करता येत नाही. समजा, एका दिवशी दहा हजार जिंकले आणि दुसऱ्या दिवशी आठ हजार गमावले. हातात दोन हजार उरतात, पण कर दहा हजारांवर, म्हणजे तीन हजार लागतो. वरकरणी फायद्यात असलेला हा खेळाडू प्रत्यक्षात हजार रुपयांनी तोट्यात असतो.

त्यामुळे टेबलावर बसण्यापूर्वी रेकचा दर किती, त्याची कमाल मर्यादा किती आणि तासाला दरडोई किती पैसे जातात, ही माहिती घेणे इष्ट ठरते. ती मिळत नसेल, तर आपण किती देत आहोत हे खेळाडूला कळण्याचा मार्गच उरत नाही. घरच्या डावात हरलेला पैसा निदान नात्यातच राहतो. शुल्काच्या टेबलावर मात्र रोज उठताना हमखास फायद्यात असतो तो पत्ते हातात न घेणारा.