मधल्या माणसांचं काय? प्रो कबड्डीच्या दहा हंगामांचा मागोवा

1 मार्च 2024 च्या रात्री हैदराबादला प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना होता, पुणेरी पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या धरमतरला त्या रात्री थोडी अडचणच झाली. मन पुण्याकडे, कारण पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, सोबत पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत. पण हरियाणाचा संघ जेएसडब्ल्यूचा, आणि डोलवीचा पोलाद कारखानाही त्यांचाच. खाडीत रात्रंदिवस बार्जेस चालतात त्या त्याच कारखान्यासाठी, आणि गावातल्या कित्येक घरांची चूल त्याच पाळ्यांवर पेटते. पुणे 28-25 असं जिंकलं तेव्हा टाळ्या वाजल्याच, पण पहिल्या पाळीला जायचं म्हणून उठलेल्या दोघा-तिघांनी त्या जरा हळूच वाजवल्या.

त्या रात्रीपासून एक वाद आमच्यात चालू आहे. दहा हंगामांत मोठा खेळाडू कोण? बास्केटबॉलवाले त्यांच्या पाच जागांप्रमाणे खेळाडूंची क्रमवारी लावतात. चेंडू खेळवणारा वेगळा तोलायचा, कडीखाली उभा राहणारा वेगळा. कबड्डीतही तसंच करायला हवं, कारण चढाईपटू आणि कोपरारक्षक एकाच तराजूत घातले की कोपरारक्षक नेहमीच हलका भरतो. म्हणून जागेजागेप्रमाणे माझा कौल देतो.

चढाईपासून सुरुवात करू. 26 जुलै 2014 ला लीग सुरू झाली तेव्हा चढाई म्हणजे यू मुंबाचा अनुप कुमार. पहिल्या हंगामात त्याने चढाईचे 155 गुण घेतले, सर्वांत जास्त. तीनच वर्षांनी, 2017 च्या पाचव्या हंगामात, परदीप नरवालने 369 घेतले. सामन्यांची संख्या वाढली होती हे खरं, पण एवढ्यावर ही झेप समजत नाही. साखळीच्या हाताखालून कंबरेत वाकून निसटायची त्याची डुबकी गावोगावच्या पोरांनी उचलली. त्याच हंगामात हरियाणाविरुद्ध एका सामन्यात त्याने 34 गुण मारले. 2019 मध्ये पवन सेहरावतने 39 मारून तो आकडाही मागे टाकला, तोही हरियाणाविरुद्धच. चढाईत माझा पहिला क्रमांक परदीपचा, दुसरा पवनचा. अनुपला मी चढाईच्या यादीत धरतच नाही. त्याची खरी जागा कर्णधारांत, आणि तिथे त्याच्या वर कोणी नाही.

मराठी चढाईपटूंत दुसऱ्या हंगामात काशिलिंग आडके होता, सांगलीचा, दिल्लीकडून खेळताना त्याने सगळ्यांना मागे टाकलं. मुंबईचा रिशांक देवाडिगा सहाव्या हंगामात 1 कोटी 11 लाखांना गेला. त्याच वर्षी जानेवारीत त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादला सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं होतं. आणि चंदगडचा सिद्धार्थ देसाई. सहाव्या हंगामात यू मुंबाकडून तो असा आला की प्रतिस्पर्ध्यांचे कोपरे मागे सरकत. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाख दिले. मग खांद्याची दुखापत झाली. त्या खांद्याची हळहळ मला आजही वाटते.

कोपऱ्यांकडे वळू. डाव्या कोपऱ्यावर इराणच्या फझल अत्राचलीशी कोणाची तुलना होऊ शकत नाही, माझं हे मत ठाम आहे. पकडींचे पाचशे गुण गाठणारा तो पहिला. पण त्याहून मोठी गोष्ट गुणतक्त्यात दिसत नाही. तो उभा असला की समोरचा चढाईपटू डाव्या अंगाला पाय टाकायचंच टाळतो आणि निदानरेषा ओलांडून परत फिरतो. जे घडलंच नाही त्याचा गुण कोणाला द्यायचा? त्याच देशाचा मोहम्मदरेझा शादलोई दुसरा. त्याने एका सामन्यात पकडींचे 16 गुण घेतले आहेत, आणि पलटणच्या त्या विजेत्या संघाचा डावा कोपरा तोच. आपल्या गिरीश इरनकला मी त्यांच्या पाठोपाठच्या फळीत बसवतो. 2018 च्या आशियाई स्पर्धेत तो आणि रिशांक दोघेही भारतीय संघात होते. उपांत्य फेरीत इराणकडून 27-18 अशी हार झाली आणि 1990 पासून कधीच न चुकलेलं सुवर्ण हातचं गेलं. इराणचे कोपरे आपल्यापेक्षा सरस झालेत हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

अष्टपैलूंत मनजीत छिल्लर पहिला. पकडींचा विक्रम बराच काळ त्याच्या नावावर होता, तो फझलने मोडला. त्याच्यामागे दीपक हुडा, मग अस्लम. अस्लमचं वय बघता हा क्रम बदलेल.

आता मध्यरक्षक, ज्याला पोरं 'कव्हर' म्हणतात. खरं तर ह्याच्यासाठीच मी लिहायला बसलो.

आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातली कबड्डी ज्याने पाहिली आहे त्याला मध्यरक्षकाचं मोल सांगावं लागत नाही. भात निघालं की खाचरात मैदान तयार होतं. माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, फक्कीने रेषा ओढायच्या. रात्री दिवे लागले की बांधावर माणसं बसतात. आमच्या गावात एक काका होते, तरुणपणी उजव्या मध्यावर खेळलेले. आम्हा पोरांना ते एकच धडा द्यायचे, "डोल्यांकडं बघू नको, कंबरंकडं बघ." डोळे फसवतात, हात फसवतो, पण कंबर वळल्याशिवाय माणूस वळत नाही. एकदा त्यांनी आम्हाला दाखवलं होतं. कोपऱ्याने घोटा धरला, चढाईपटूने एका पायावर उडी घेऊन मध्यरेषेकडे शरीर झोकलं, आणि काकांनी दोन पावलांत छातीने त्याला आडवं अडवलं. रेषेपासून वीतभर अलीकडे. साठी ओलांडलेल्या माणसाने. तक्त्यावर तो गुण घोटा धरणाऱ्याचा लागला असता. काकांची दोन पावलं कुठे लिहिली गेली नसती.

लीगमध्येही तसंच आहे. पकडीचा गुण ज्याने पहिली पकड घातली त्याचा. धावत येऊन ती पकड पुरी करणारा यादीत खालीच राहतो. यू मुंबा पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत पोहोचला. जयपूरकडून हरला, मग बंगळुरूला 36-30 हरवून जिंकला, मग पाटण्याकडून तीन गुणांनी हरला. लोकांना अनुप आठवतो, सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लरचे कोपरे आठवतात. त्या कोपऱ्यांना बिनधास्त पुढे जाता यायचं, कारण मागे विशाल माने आणि जीवा कुमार उभे होते. आकड्यांवर बोलायचं तर मध्यरक्षकांत सुरजित सिंग पहिला, त्यात वाद नाही. माझा पहिला क्रमांक मात्र मुंबईच्या विशाल मानेचा. कोपरा चुकला तर ती चूक झाकायची आणि बरोबर ठरला तर श्रेय त्याला द्यायचं, हे काम त्याने त्या तीन हंगामांत कुरकुर न करता केलं.

2024 च्या त्या अंतिम सामन्याकडे परत येतो. पंकज मोहितेची एका चढाईतल्या चार गुणांची उडी सगळ्यांच्या लक्षात राहिली, आणि राहायलाच हवी. पण हरियाणाला पंचवीसवर कोणी रोखलं? शादलोई आणि गौरव खत्री हे कोपरे, आणि मध्ये संकेत सावंत, अबिनेश नादराजन. अठ्ठावीस-पंचवीस हा बचावाने जिंकलेल्या सामन्याचा आकडा आहे. वर्षभरात शादलोई हरियाणाकडे गेला, आणि डिसेंबर 2024 मध्ये तो चषक हरियाणाने उचलला. धरमतरच्या पाळीवाल्यांनी तेव्हा मोकळेपणाने टाळ्या वाजवल्या.

एक जागा ह्या मागोव्यात रिकामी राहते. 2016 साली महिलांची तीन संघांची छोटी स्पर्धा झाली, अभिलाषा म्हात्रे त्यात आइस दिवाजची कर्णधार होती. ती स्पर्धा पुढे चालू राहिली असती, तर आज मुलींचीही जागेजागेची यादी इथे देता आली असती.

पेण, रोहा, अलिबागच्या सामन्यांत आपण उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, मालिकावीर, पब्लिक हिरो अशी बक्षिसं देतो. यंदा भात घरात आलं की मंडळांच्या बैठका होतील, पत्रकं छापायला जातील. त्या पत्रकात एक ओळ वाढवा: उत्कृष्ट मध्यरक्षक. रक्कम छोटी असली तरी चालेल. पहिल्या वर्षीचा चषक मी देईन.