पांढऱ्या बिचिराची जातिनिश्चिती

ठाणे वा डोंबिवलीतील एखाद्या दुकानाच्या काचपेटीत पांढरा, तांबड्या डोळ्यांचा बिचिर आढळल्यास केवळ रंगावरून त्याची जाती ठरविणे धोक्याचे होय. वर्णहीनता हे व्यक्तीचे वैगुण्य. जातीचे लक्षण नव्हे. विक्रेत्याचे ‘डायनोसॉर ईल’ हे नावही निरुपयोगीच, कारण हा मासा ईल नव्हेच. (‘बिचिर’ ही संज्ञा मात्र इजिप्ती अरबीतून फ्रेंचमार्गे आलेली.) पाठीवरील सुटे पर मोजावेत. कुव्हिएने १८२९ मध्ये वर्णिलेल्या सेनेगालसला ते ८ ते ११ असतात, एंडलिखेरीला ११ ते १४. संख्या नेमकी ११ भरल्यास जबडा पाहावा. खालचा पुढे आलेला असेल, तर या दोहोंपैकी तो एंडलिखेरी. तो पाऊण मीटरपर्यंत वाढतो. घरगुती पेटी त्याला पुरणार नाही.