कोणते शीत उचलावे?

शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या गृहिणीला एक सोय असते: भांड्यातील सारा भात एकाच आधणात शिजलेला असतो. जनुकसंचाच्या अभ्यासकाला ती सोय नाही. मनुष्याच्या जनुकसंचातील सुमारे 3 अब्ज अक्षरे सरासरी 30 वेळा वाचावयाची आणि यंत्राने एका वेळी 150 अक्षरांचा तुकडा वाचावयाचा, असे ठरविले तर तुकड्यांची संख्या 60 कोटींच्या घरात जाते. आणि एखादी पद्धत पारखण्यास त्यांतील 10 लाख पुरेसे असले, तरी ते कोणते, हा प्रश्न उरतोच. फाइलीच्या आरंभीचे उचलण्याचा मोह घातक आहे, कारण गुणसूत्रांच्या क्रमाने लावलेल्या फाइलीत आरंभी केवळ पहिले गुणसूत्रच हाती लागते.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांत, शेताची निवड अंमलदाराच्या नजरेवर न सोपविता यदृच्छेवर सोपविण्याचा जो आग्रह धरला, तोच येथेही लागू पडतो. मात्र गावच्या दप्तरात सर्व्हे नंबरांची यादी तयार असते. येथे फाइल संपेपर्यंत एकूण तुकडे किती, हेच पुष्कळदा ठाऊक नसते.

या अडचणीवर जलाशय पद्धतीने काढलेला तोडगा मला गणितातील अत्यंत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतो. पहिले 10 लाख तुकडे तसेच ठेवून घ्यावेत. पुढील प्रत्येकास, 10 लाखांना त्याच्या अनुक्रमांकाने भागून येईल तेवढ्या संभाव्यतेने प्रवेश द्यावा, आणि तो मिळाल्यास आतील कोणाही एकास यदृच्छेने बाहेर काढावे. 20 लाखाव्या तुकड्यास निम्मी संधी मिळते, 60 कोटीव्यास 600 त एक. हा उशिरा येणाऱ्यांवर अन्याय भासेल, परंतु आधी शिरलेल्यांना प्रत्येक नव्या आगंतुकागणिक स्थान गमावण्याचे भय असते, आणि अखेरचा हिशेब मांडला म्हणजे पहिल्या तुकड्याची संधीही नेमकी 600 त एकच भरते! स्मृतीत मात्र कोणत्याही क्षणी 10 लाखांहून अधिक तुकडे नसतात. पुढे 1985 साली जेफ्री व्हिटर यांनी, प्रत्येक तुकड्यापाशी कौल लावण्याऐवजी, किती तुकडे ओलांडून पुढे जावे एवढाच कौल लावण्याची रीत मांडून पुष्कळ श्रम वाचविले.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी लागते. डीएनएचा खंड बहुधा दोन्ही टोकांकडून वाचला जातो व ती दोन वाचने दोन निराळ्या फाइलींत समान क्रमाने राहतात. म्हणून यदृच्छ अंकांचा आरंभ दोहोंकडे एकाच बीजापासून करावा, नाहीतर जोड्या फुटतात. काही साधने निवडीचा निर्णय तुकड्याच्या नावावरूनच गणिताने ठरवितात, आणि जोडीचे नाव एकच असल्याने दोघे एकत्र आत येतात किंवा एकत्र बाहेर राहतात.