परिचर्येकडून अध्यापनाकडे

परिचर्याशास्त्राचे पदवी शिक्षण भारतात १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले; पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९ मध्ये दिल्लीत आला. आज पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा ओढा अध्यापनाकडे विशेष दिसतो. रात्रपाळीतून सुटका आणि ठरलेल्या वेळा हे कारण उघडच आहे; त्यात गैर काही नाही. परंतु प्रवेशासाठी किमान एक वर्षाचा अनुभव लागत असल्याने ही मंडळी वॉर्ड पाहूनच आलेली असतात. नवख्या विद्यार्थिनीचा थरथरणारा हात इंजेक्शन देताना स्थिर झालेला पाहिला, की शिकविण्याची गोडी लागते. शिवाय, या पदवीला साजेसे वेगळे पद वॉर्डात क्वचितच असते. महाविद्यालयात मात्र तिच्यामुळे प्राध्यापकपदापर्यंतची वाट खुली होते.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांना मंजुरी दिली. दरवर्षी १०० जागा, चार वर्षांचे ४०० विद्यार्थी व दहांमागे एक अध्यापक, म्हणजे प्रत्येक ठिकाणी ४० अध्यापक हवेत. मात्र तेवढे अनुभवी हात रुग्णशय्येपासून दुरावले, तर विद्यार्थ्यांनी वॉर्डात कोणाकडे पाहून शिकावे? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अध्यापिका रुग्णसेवेचीही जबाबदारी सांभाळतात.